सल्ला सदर : काट्यावरचे काकाजी आणि ऑफिसातल्या ताई

पत्र

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आहे. मी तिचा व्यवस्थापक, वय २९. एकूण १४ माणसं कामाला आहेत. काट्यावर एक काकाजी आहेत. ते आधी बाजार समितीत मापारी होते, आणि कंपनी टिनाच्या शेडमध्ये होती तेव्हापासून आमच्यासोबत आहेत. ऑफिसात हिशेबाला एक ताई आहेत, बी.कॉम. झालेल्या, दोन वर्षांपासून.

दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू झाली. साठा मोजला तेव्हा आवकवहीत ६०० क्विंटल आणि गोदामात ५८९. ताई थेट काट्यावर गेल्या आणि ट्रॅक्टरवाले रांगेत उभे असताना म्हणाल्या, 'काकाजी, अकरा क्विंटल गेलं कुठं? खाल्लं कोणी?' काकाजी म्हणाले, 'बाईच्या हाती कारभार देल्ला का असंच होते.' तेव्हापासून बोलणं बंद. काटापट्ट्या, म्हणजे वजनाच्या पावत्या, हमालाच्या हाती येतात. काकाजी मुद्दाम संध्याकाळी सगळा गठ्ठा एकदम पाठवतात. एखादा आकडा पुसट दिसला की ताई पट्टी परत पाठवतात. शेतकऱ्यांचे पैसे दोन-दोन दिवस लांबतात.

मी दोघांनाही वेगवेगळं समजावलं. दोघांनाही म्हटलं, तुमचंच बरोबर आहे, पण जाऊ द्या. एक संचालक काकाजींचे व्याही आहेत, त्यामुळे मीही जपून असतो. अध्यक्ष म्हणतात, गावच्या तंटामुक्तीच्या अध्यक्षांना बोलवू, दोघांना समोरासमोर बसवू आणि हात मिळवायला लावू. करू का तसं? जानेवारीत तूर यायला लागेल, त्याआधी हे मिटलं पाहिजे.

उत्तर

भाऊ, नका करू. निदान या आठवड्यात आणि या पद्धतीनं तर नकोच. आधी त्या अकरा क्विंटलचं बघा. तो प्रश्न लोंबकळत ठेवून तुम्ही दोघांचे हात मिळवलेत, तर काकाजींच्या कपाळावरचा चोरीचा शिक्का तसाच राहील आणि ताईंच्या वहीतला फरकही तसाच राहील.

सोयाबीन काट्यावर येतं तेव्हा त्यात पाणी असतं. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलावा चालतो, पण दसऱ्याच्या सुमारास, त्यातही सकाळच्या दवात निघालेला माल १४ टक्क्यांचा असणं काही नवल नाही. १४ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल वाळून १२ टक्क्यांवर आला की सुमारे ९७ किलो ७०० ग्रॅम भरतो. म्हणजे २० क्विंटलच्या ट्रॉलीमागे ४५ किलो माल कुणीही न खाता हवेत जातो. तुमच्या मालाचा सरासरी ओलावा साडेतेरा टक्के धरला, तरी ६०० क्विंटलमागे दहा क्विंटलची घट निघते. चाळणीतून निघालेली माती आणि काडीकचरा वेगळाच. बारदान्याचंही पाहा. तागाचं पोतं अर्ध्या किलोच्या वर भरतं. आवक पोत्यासकट मोजली असेल आणि साठा पोतं वजा करून, तर १२०० पोत्यांमागे सहा-सात क्विंटलचा फरक तिथेच पडतो.

हे गणित मी काकाजींना सोडवायला मांडलेलं नाही. इथे बसून मला कोणाचाच निवाडा करता येणार नाही. पण हा हिशेब दसऱ्यालाच कोणी कागदावर मांडला असता, तर 'खाल्लं कोणी' हा शब्द कदाचित निघालाच नसता. तेव्हा पहिलं काम हे. शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या कंपनीचा लेखापाल किंवा तुमच्या सीएकडचा माणूस एक दिवस बोलवा. ओलाव्याच्या नोंदी, चाळणीचा कचरा, बारदाना आणि काट्यावर वैधमापन विभागाचा यंदाचा शिक्का आहे की नाही, एवढं त्यानं तपासावं. निष्कर्ष काकाजींना आणि ताईंना एकाच वेळी, एकाच कागदावर दाखवा. एकाला आधी कळलं आणि दुसऱ्याला मागून, तर नवीन भांडण तयार.

आणि तपासणीत खरंच गडबड निघाली, तर मध्यस्थीचा विषय तिथेच संपला. मग ती चौकशी. संचालक मंडळासमोर, लेखी, नियमानं. चोरीच्या आरोपावर तडजोड करायची नसते. आरोप खोटा असेल तर त्या माणसावर अन्याय होतो, आणि खरा असेल तर भागधारक शेतकऱ्यांवर.

आता तुमच्याबद्दल, आणि हे जरा कडू लागेल. दोघांनाही 'तुमचंच बरोबर आहे' म्हणणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. त्या घटकेला शांतता होते. पण आता दोघंही वाट बघताहेत की साहेब एक दिवस चारचौघांत आपली बाजू घेतील. तुम्ही ती घेत नाही, म्हणून दोघांच्याही मनात तुम्ही दुसऱ्याला फितूर झालेले आहात. शिवाय पगार तुमच्या सहीनं निघतो. म्हणून या भांडणात मध्यस्थ तुम्हाला होता येणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट ही की तुम्ही स्वतः या भांडणातला तिसरा पक्ष आहात. काटापट्टी एकाच प्रतीत निघते, हे कोणी ठरवलं? ती ऑफिसात किती वाजता पोचली पाहिजे, हे कुठे लिहिलंय? पट्टीवर ओलाव्याचा रकाना आहे का? तुमच्या पत्रावरून वाटतं, नसावा. काकाजींना गठ्ठा संध्याकाळपर्यंत दाबून ठेवता येतो आणि ताईंना पट्टी परत पाठवता येते, कारण कामाची घडीच तशी सैल आहे. दोन शहाण्या माणसांना तिथे बसवलं असतं, तरी महिन्याभरात खटका उडालाच असता. मी अशा बऱ्याच भांडणांची पत्रं वाचते, आणि 'स्वभाव जुळत नाही' असं ज्याला म्हणतात त्यातलं निम्मं तरी असल्या सैल घडीतून आलेलं असतं.

तंटामुक्तीबद्दल माझ्या मनात आदर आहे. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि बांधाची, वाटणीची, भाऊबंदकीची किती तरी भांडणं कोर्टाची पायरी न चढता गावातच मिटली. पण त्या बैठकीची रीत वेगळी आहे. गाव जमतं, चार वडीलधारी माणसं दोघांनाही दटावतात आणि शेवटी हात मिळवले जातात. कामाच्या जागी तसं चालत नाही. बांधाच्या भांडणातले दोघं दुसऱ्या दिवशी आपापल्या वावरात जातात. तुमच्या दोघांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काट्याची पट्टी एकमेकांच्या हातात द्यायची आहे. शिवाय ताई दुसऱ्या गावच्या असतील तर गावच्या अध्यक्षांसमोर त्यांची बाजू आधीच हलकी. आणि भर बैठकीत हात मिळवायला नाही कोण म्हणणार? नाही म्हणायची सोय नसलेला होकार दोन दिवस टिकतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तिथली ग्रामसभा बहुमतानं ठरवत नाही, सर्वसहमतीनं ठरवते. सगळ्यांना पटेपर्यंत बोलणं सुरू राहतं. वेळ लागतो, पण ठरलेलं मोडायला नंतर कोणी उठत नाही. तुम्हाला इथे तेवढंच हवं आहे, फक्त दोन माणसांत.

मग मध्यस्थ कोण? संचालक नको, व्याही तर नकोच, नात्यातलं कोणीही नको. यंदा तुमच्याकडे माल घालणारा शेतकरी नको, त्याचे पैसे अडकलेले असतात. निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त बँक कर्मचारी, बचत गटांच्या प्रभाग संघाचं काम वर्षानुवर्षं पाहिलेली एखादी बाई, असं कोणीतरी. ज्याला हिशेबाचा कागद वाचता येतो आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते. काकाजींना आणि ताईंना वेगवेगळं विचारा, 'तुम्हाला चालतील अशी तीन नावं सांगा.' दोन्ही यादीत एखादं नाव सारखं निघालं तर तेच घ्या. नाही निघालं तर पुन्हा विचारा, पण नाव तुम्ही लादू नका. त्या माणसाला एक गोष्ट आधीच पक्की सांगा. त्याला निकाल द्यायचा नाही. कोण चुकलं हे ठरवणं त्याचं काम नाही. दोघांनी मिळून ठरवावं इतपत त्यांना बोलतं करणं, एवढंच त्याचं काम.

समोरासमोर बसण्याआधी त्यानं दोघांना एकेकटं भेटावं, तासभर तरी. खरं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच टाळतात, कारण सगळ्यांना हात मिळवण्याची घाई असते. काकाजींकडे तो त्यांच्या घरी गेला तरी चालेल, ओसरीवर बसून. ताईंकडे मात्र त्यांना सोयीची वाटेल तिथेच, आणि शक्यतो मध्यस्थ बाई असेल तर बरं. एकेकट्या भेटीत बोललेलं त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही गोपनीयतेची तरतूद आहे. तुमच्या गोदामातल्या बैठकीला कायद्याची कलमं लावायची गरज नाही, पण हा एक नियम मोडला तर पुढचं सगळं फुकट.

विचारायचं काय? 'चूक कोणाची' हे नाही. 'त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं का?' असं विचारलं तर माणूस बोलतो. काकाजी कदाचित सांगतील की टिनाच्या शेडमध्ये उन्हातान्हात काटा त्यांनी मांडला, घरोघरी फिरून भागधारक त्यांनी जमवले, आणि आज कालची पोरगी ओळखीच्या शेतकऱ्यांसमोर त्यांना चोर म्हणते. कदाचित पगाराचंही निघेल. २०२० पासूनच्या दहा हजार उत्पादक कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत पहिली तीन वर्षं व्यवस्थापक आणि लेखापालाच्या पगाराला मदत मिळते, काट्यावरच्या माणसाला नाही. तुमची कंपनी त्या योजनेत असेल तर ही सल आत असणारच, आणि ती ताईंवर निघते, कारण योजनेवर काढता येत नाही. ताई कदाचित सांगतील की ऑडिटच्या वेळी फरकाचा जाब त्यांनाच विचारतात, काकाजींना कोणी विचारत नाही. आणि त्या एका वाक्याबद्दल, 'बाईच्या हाती कारभार', त्या काय सांगतील हे मी गृहीत धरत नाही. तुम्ही ते पत्रात एका ओळीत उरकलंत. मध्यस्थानं तिथे थांबावं आणि विचारावं, असं याआधीही झालं आहे का?

हे विचारणं का गरजेचं, तेही सांगते. उत्तर 'हो' आलं आणि प्रकार नुसत्या टोमण्याच्या पुढचा निघाला, तर ही बैठक थांबवायची. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तुमच्याकडे १४ आहेत. समिती नसेल तर भांडण असो वा नसो, ती याच महिन्यात करा. त्या कायद्यात समेट फक्त पीडित स्त्रीनं मागितला तरच होतो, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर होत नाही. तसंच कोणाच्या जातीचा उल्लेख झाला असेल तर तेही मध्यस्थाच्या कक्षेबाहेर, मग गावातले कितीही मोठे लोक 'मिटवून टाका' म्हणोत. तुमच्या अध्यक्षांना हे आधीच समजावून ठेवा.

असं काही नसेल, तर मग एकत्र बैठक. बाजार बंद असेल त्या दिवशी, हमाल नसताना. तुमच्या केबिनमध्ये नको. तिथे टेबलामागची खुर्ची तुमची आहे, आणि काकाजी त्या खोलीत बहुधा फक्त बोलावणं आलं की येतात. गोदामाच्या व्हरांड्यात तीन सारख्या खुर्च्या टाका. तुम्ही बाहेर थांबा. चहा पाठवा आणि फोन बंद ठेवा.

एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. बोलणं झालं की दुसऱ्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. पोरखेळ वाटतो हा, मला माहीत आहे, पण गाठ बहुतेक इथेच सुटते. काकाजी बोलून थांबले की मध्यस्थ ताईंना विचारतो, 'काय म्हणाले काकाजी?' ताई म्हणतात, 'ते म्हणतात, मी त्यांना हिशेब मागते.' काकाजी ताडकन म्हणतील, 'असं नाई म्हटलं मी. हिशेब माग न बाई, रोज माग. पण चार माणसात नको.' मग ताई, 'ऑफिसात बोलावलं असतं तर आले असते तुम्ही?' यावर काकाजी गप्प बसले तर मध्यस्थानं ती शांतता भरायची घाई करू नये. अगदी हेच शब्द निघतील असं नाही. पण भांडण हिशेबाचं नसून हिशेब कुठे मागितला याचं आहे, हे ज्या क्षणी दोघांना ऐकू येईल, तिथून पुढे बोलणं सोपं जातं.

माफीचं काय? मागायला लावू नका. मनाविरुद्ध मागितलेली माफी ऐकणाऱ्यालाही कळते. पण दोघांपैकी कोणी स्वतःहून शब्द मागे घेतला, तर एवढं लक्षात ठेवा की दोन्ही शब्द रांगेतल्या शेतकऱ्यांसमोर गेले होते. बंद खोलीत ते मागे घेतले तरी ते शेतकरी अजून तेच धरून बसलेले असतील. म्हणून तपासणीचा निकाल, घट किती, कशामुळे आणि कोणाचाही दोष निघाला की नाही, हे काट्याजवळच्या फलकावर तुमच्या सहीनं लावा. ते काम तुमचं, त्या दोघांचं नाही. आणि ताई पुढे एकदा सकाळी काट्यावर जाऊन सगळ्यांदेखत काकाजींशी चार शब्द नीट बोलल्या, तर गावाला आणखी काही सांगायची गरज नाही. काकाजींनीही त्या वेळी 'ताई' म्हणून हाक मारली, तर उत्तमच.

मग कागद. एक पान पुरे. 'यापुढे आदरानं वागू' अशी वाक्यं त्यात लिहू नका, ती कोणालाच मोजता येत नाहीत. काटापट्टी तीन प्रतींत निघेल, एक शेतकऱ्याला, एक ऑफिसला, एक काट्यावर. पट्टीवर ओलाव्याचा आणि बारदान्याचा रकाना असेल. दर दोन तासांनी पट्ट्या ऑफिसात जातील. आकडा पुसट असेल तर ताई पट्टी परत न पाठवता फोन करतील किंवा स्वतः जातील, आणि बोलणं काट्यामागच्या खोलीत होईल, रांगेसमोर नाही. रोज संध्याकाळी आवकवहीच्या पानावर दोघांच्या सह्या. घटीचा हिशेब दर पंधरवड्याला. यातला कोणता मुद्दा राहील, कोणता जाईल, ते त्यांना ठरवू द्या. मी सुचवलं म्हणून नको. त्या कागदावर तुमचीही सही हवी, कारण पट्टीपुस्तकं छापून आणणं आणि ओलावामापक तपासून घेणं ही तुमची कबुली आहे. १५ दिवसांनी तिघांनी पुन्हा बसून बघायचं, काय चाललं आणि काय नाही.

तोवर, म्हणजे उद्यापासूनच, एक तात्पुरती सोय करा. साधं कार्बन टाकून पट्टीच्या दोन प्रती काढायला लावा आणि दुपारी एक, संध्याकाळी पाच अशा दोन वेळा तुम्ही स्वतः त्या काट्यावरून ऑफिसात आणा. हमालाच्या हाती नको. तो पोरगा दोघांचेही टोमणे इकडून तिकडे नेत असणार, आणि त्यात थोडा मीठमसालाही पडत असणार. शेतकऱ्यांचे थकलेले पैसे आधी मोकळे करा. रांगेतली कुजबुज थांबली की त्या दोघांवरचा अर्धा भार उतरेल.

एक जण बसायलाच तयार नसेल तर जबरदस्ती करू नका. कामाची नवी घडी व्यवस्थापक म्हणून तुम्ही लेखी लागू करू शकता, त्याला कोणाच्या संमतीची गरज नाही. मन जुळणं मागून येईल, किंवा नाहीही येणार. बोलणं कामापुरतं राहिलं तरी कंपनी चालते. वीस किंवा जास्त कामगार असते, तर कायद्यानं तक्रार निवारण समिती लागली असती, आणि माणसं वाढली की ती करावीच लागेल. आत्ता तुम्हाला तेवढी सोय नाही, म्हणून हा सगळा घाट.

राहिले व्याही. त्यांना तुम्ही घाबरता, हे तुमच्या पत्रात न लिहिताही कळतं. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांना आणि अध्यक्षांना एकत्र भेटा, तपासणीचा कागद दाखवा आणि सांगा की बैठकीत कोणीही संचालक बसणार नाही, ठरलेल्या कागदाची प्रत मात्र पुढच्या मंडळाच्या सभेत ठेवली जाईल. ते 'मी नुसता बाजूला बसतो' म्हणतील. तेव्हाही नाहीच म्हणा, आणि ते अध्यक्षांसमोर म्हणा.